भोंगा बंद पडला, हळदीकुंकू मात्र चारलाच

आमच्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकारिणीस खुलं पत्र

अध्यक्ष, कार्याध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व कार्यकारिणी सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातल्या निम्म्या जणांना मी एरवी अरे-तुरे करते. दोघांना तर दहावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री बसवून गणित शिकवलं आहे. पण पत्र कार्यकारिणीला आहे, तेव्हा अहो-जाहो करते. मध्येच जीभ घसरली तर सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यात मंडळाचा वार्षिक अहवाल घरी आला. मी बँकेतून निवृत्त झालेली बाई, त्यामुळे अहवाल हातात पडला की आधी जमाखर्च बघते. जमाखर्च ठीक आहे. (रोषणाईच्या खर्चात जनरेटर दोनदा लागला आहे, त्याबद्दल खजिनदारांशी वेगळं बोलेन.) खटकलं ते पान नऊ. ‘महिला विभाग’ या मथळ्याखाली पाच ओळी आहेत आणि त्यांचा मथितार्थ असा, की महिलांच्या कार्यक्रमांना प्रतिसाद वर्षागणिक घटतो आहे, हळदीकुंकवाला जेमतेम चौदा जणी आल्या, बदलत्या जीवनशैलीमुळे आजच्या स्त्रीला आपल्या संस्कृतीत रस उरलेला नाही, सबब हा कार्यक्रम बंद करावा असा विचार आहे.

त्या चौदांत मी नव्हते. का नव्हते ते पुढे सांगते. आधी तारीख आणि वेळ लिहून ठेवते, कारण ती अहवालात नाही. ४ सप्टेंबर २०२५, गुरुवार, दुपारचे चार.

गुरुवारी दुपारी चारला आपल्या बावीस मजली इमारतीत कोण असतं? तान्ही मुलं असतात, त्यांना सांभाळणाऱ्या आज्या असतात, गुडघे बदलून घेतलेल्या दोघीतिघी असतात आणि एका घरची लादी पुसून दुसऱ्या घरी निघालेल्या मावश्या असतात. बाकीच्या कुठे असतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, कारण त्या तुमच्याच बायका, बहिणी आणि वहिन्या. कुणी मंत्रालयात, कुणी केईएमच्या वॉर्डात, कुणी अंधेरीला दुकानाच्या काउंटरवर, कुणी कुर्ल्याला गाडी बदलत. त्यांनी यावं कसं?

आता हे चार आले कुठून, ते सांगते. तुमच्यापैकी कुणाला माहीत असण्याचं कारण नाही.

चाळ पाडायच्या आधी दुसऱ्या माळ्यावर आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्यांपैकी एकीत आईची खानावळ होती. बावीस गिरणी कामगारांचं जेवण. बहुतेक कोकणातले, थोडे घाटावरचे. बायकामुलं गावी आणि हे इथे एका गाळ्यात दहा-पंधरा जण, पाळीपाळीने झोपणारे. आई पहाटे चारला स्टो पेटवायची. पहिल्या पाळीचे डबे सकाळी, दुसऱ्या पाळीची पानं दुपारी दोनपर्यंत, रात्रपाळीची पानं दिवेलागणीनंतर. गिरणीचा साडेतीनचा भोंगा झाला की पहिली पाळी सुटायची, दुसरी आत जायची. त्या भोंग्यापासून रात्रीच्या भाकऱ्या थापायला बसेपर्यंत जो दीड तास उरायचा तेवढाच आईचा. त्यात ती केस विंचरायची, माझ्या शाळेची पाटी बघायची, आणि वर्षातून एकदा मंडपात हळदीकुंकवाला जायची. ती सांगायची, की आधी हा कार्यक्रम रात्री आरतीनंतर असायचा. खानावळवाल्या पाचसहा जणींनी तेव्हाच्या चिटणिसाला जिन्यात गाठलं आणि म्हणाल्या, आम्ही रात्री पानं वाढायची की कुंकू लावायचं? दुसऱ्या वर्षीपासून पत्रिकेवर चार छापलं गेलं.

म्हणजे चार ही वेळ कुठल्या पोथीत सांगितलेली नव्हती. कामावरच्या बायकांनी ती आपल्या सोयीने मागून घेतली होती, आणि तुमच्या आजोबांच्या कार्यकारिणीने ती दिली होती.

सभेत कुणीसं म्हणालं, पूर्वीच्या बायका घरात असायच्या म्हणून सण नीट व्हायचे. कुठल्या घरात? गिरणगावातल्या तर नक्कीच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापड गिरण्यांत दर पाच कामगारांमागे जवळपास एक बाई होती, जास्त करून वाइंडिंग आणि रीलिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यांत. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला, पुढे यंत्रं बदलली, रात्रपाळीला बाई चालेना, मालकांनी हात आखडता घेतला आणि गिरणीतल्या बायका कमी होत गेल्या. गिरणी सुटली म्हणून राबणं सुटलं असं काही झालं नाही. कुणी खानावळ घातली, कुणी डबे पोहोचवले, कुणी भाजीची पाटी डोक्यावर घेतली. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते अशाच खानावळवाल्यांना घेऊन. सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे उचलणाऱ्या बायका त्यामुळे राष्ट्रीयीकृत बँकेच्या काउंटरपुढे जाऊन उभ्या राहिल्या. आईबरोबर मीही गेले होते. काउंटरच्या पलीकडे पंखा होता आणि सगळे पुरुष होते. मला तो पंखा फार आवडला. बँकेच्या परीक्षेला मी बसले त्याचं मूळ त्या पंख्यात आहे, असं माझा मुलगा सगळ्यांना हसून सांगतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. आईची त्या वर्षीची वही माझ्याकडे आहे. लाल पुठ्ठ्याची, उभ्या रेघांची. डाव्या बाजूला नावं, पुढे तारखांची घरं. जेवला की टिंब, खाडा असला की फुली. जानेवारीचं पान टिंबांनी भरलेलं आहे. फेब्रुवारीत फुल्या वाढतात. मार्चच्या पानावर नावंच नऊ उरतात, बाकीचे गावी गेले. शेवटच्या रकान्यात उधारी आहे. ती आईने कुणाकडे मागितली नाही आणि वही रद्दीतही घातली नाही.

त्यानंतर एकेक भोंगा बंद पडत गेला. गिरण्यांची धुराडी पडली, मॉल आले, आपली चाळ गेली, टॉवर आला, सामायिक नळ गेला, घरात दोन-दोन संडास आले. हळदीकुंकू तेवढं चारला राहिलं. ही वेळ आता कुणाच्या सोयीची आहे? माझा अंदाज सांगते. दुपारी मंडप रिकामा असतो, आरतीला तीन-चार तास असतात, स्पीकरवाला बसून असतो. तसं असेल तर अहवालात तसं लिहा. संस्कृतीवर ढकलू नका.

आता संस्कृतीत रस नसण्याबद्दल.

मी १९८६ साली बँकेत लागले आणि २०२३ साली निवृत्त झाले. शेवटची चौदा वर्षं मुलुंडला होते. करी रोडहून ८:४१ ची स्लो. पश्चिम रेल्वेवर चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल ५ मे १९९२ ला सुरू झाली. आमच्या मध्य रेल्वेवर ती २००० साली आली आणि ती चालवायला सुरेखा यादव होत्या, देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. मला त्या गाडीचा उपयोग नव्हता, माझी दिशा उलटी. पण साध्या गाडीतला लेडीज डबा म्हणजे काय, हे तुम्ही पुरुषांनी कधी आतून पाहिलेलं नाही. तिथे मेथी निवडली जाते, भिशी फिरते, डोहाळजेवण होतं, श्रावणात मंगळागौरीची गाणी होतात (फुगड्या तेवढ्या घालता येत नाहीत). संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकूही होतं, आणि त्याला शंभर टक्के हजेरी असते, कारण चालत्या गाडीतून कोण कुठे जाणार?

२०१६ च्या नोव्हेंबरात आमचे हे गेले. नोटाबंदीच्या रांगा लागल्या होत्या. चौदाव्या दिवशी मी काउंटरवर होते. त्यानंतरच्या जानेवारीत डब्यात हळदीकुंकू निघालं. मी खिडकीकडे तोंड करून बसले, म्हणजे कुणाला अवघडल्यासारखं व्हायला नको. विक्रोळीला उतरणारी एक शाळेतली बाई होती, करंडा तिच्याकडे असायचा. ती बाकांमधून एकेकीला लावत आली आणि माझ्यापाशी थांबली. काही विचारलं नाही. हनुवटी धरून माझं तोंड आपल्याकडे वळवलं आणि बोट टेकवलं. नेमका विद्याविहारला गाडीने हिसका दिला आणि कुंकू भुवईपर्यंत गेलं. ‘पुसू नका हं, मीच सरळ करते,’ असं म्हणून तिने अंगठ्याने ते गोल करून दिलं, हातात तिळाची वडी आणि चहाची स्टीलची गाळणी ठेवली आणि पुढच्या बाकाकडे गेली. घाटकोपरला उतरणाऱ्या दाराशी जाऊन उभ्या होत्या. कुणी वळून पाहिलं नाही, याचंच मला बरं वाटलं. गाळणी अजून वापरात आहे.

आता तुमची पत्रिका काढा. ‘सर्व सुवासिनींनी अगत्य येण्याचे करावे.’ तर चौदांत मी का नव्हते, त्याचं हे उत्तर. आपल्या इमारतीत माझ्यासारख्या नऊ जणी आहेत, मी मोजल्या आहेत. आमच्याकडे तुम्ही वर्गणीला येता, महाप्रसादाचे कांदे-बटाटे चिरायला हाक मारता, आम्ही येतो. फक्त त्या एका दुपारी पत्रिका आमच्या दारावरून पुढे जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही त्या वाटेने जायला सांगितलं. तुम्हाला ठरावही करायचा नाही. पत्रिकेतला एक शब्द बदलायचा आहे, आणि छपाईवाला त्याचे जादा पैसे घेत नाही.

नवरात्रातल्या नऊ रंगांचं घ्या. ही प्रथा माझ्या आजीला ठाऊक नव्हती, आईलाही नाही. मुंबईतल्या एका मराठी वर्तमानपत्राने या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत कुठल्या दिवशी कुठला रंग ते छापायला घेतलं आणि ते उचललं नोकरदार बायकांनी, लोकलमध्ये, बँकेत, शाळेच्या स्टाफरूममध्ये. पोलीस ठाण्यातल्या बायका गणवेशामुळे चुकचुकतात, तेवढ्याच. यात साडीवाल्यांचं चांगलंच फावलं हे मी मान्य करते, आणि ‘आज पोपटी का नाही नेसलीस’ म्हणून टोचणाऱ्याही भेटतात, त्यांचा मला राग येतो. पण जिला रस उरला नाही ती बाई पहाटे पाचला, डब्याची पोळी तव्यावर असताना, कपाटात पोपटी ओढणी शोधत बसेल का?

आणि तुमच्या अहवालाचं मुखपृष्ठ! गुढीपाडव्याच्या शोभायात्रेचा फोटो आहे. नऊवारी, नथ, फेटा, गॉगल, बुलेट. ती मुलगी आपल्या तेराव्या मजल्यावरची, ढोलपथकातही आहे. माझी आई नऊवारी नेसायची ती कामाची साडी म्हणून. कासोटा घातला की पाण्याचं पिंप उचलून दोन माळे चढता यायचे. मी बँकेत पाचवारी नेसले, नव्वदीत पंजाबी ड्रेस घालायला लागले तर दोन वर्षं टोमणे ऐकले. माझी सून जीन्स घालते आणि पाडव्याला चेन लावलेली, शिवलेली नऊवारी पँटसारखी चढवते. त्या चेनचं मला हसू येतं, ते मी तिच्यासमोर दाबते. असो. सांगायचा मुद्दा असा, की मुखपृष्ठावर तुम्ही मिरवता तीच बाई आणि पान नऊवर जिला रस नाही म्हणता तीही तीच. अहवाल एकानेच लिहिला ना?

गेल्या वर्षीचा देखावा अहिल्यादेवी होळकरांचा होता. जन्म ३१ मे १७२५, म्हणजे त्रिशताब्दीचं निमित्त बरोबर साधलंत, आणि देखावा खरंच छान होता. १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षं या बाईने माळव्याचा कारभार पाहिला. खासगीचे पैसे वेगळे, दौलतीचे वेगळे, आणि देवळं, घाट, धर्मशाळा बांधल्या त्या खासगीतून. निवेदनात हे सगळं तुम्हीच ऐकवत होता. त्याच देखाव्यासमोर खुर्च्या मांडून बैठक झाली तेव्हा मी विचारलं, की खजिनदार म्हणून एखाद्या बाईचा विचार का होत नाही. उत्तर मिळालं, ‘काकू, हिशेबाचं ठीक आहे हो, पण पोलीस स्टेशन, पालिकेचं ऑफिस, रात्री-अपरात्री धावपळ, लेडीजना कुठे जमणार?’ तुमच्या पाठीमागे फायबरच्या अहिल्यादेवी हातात शिवलिंग घेऊन मोटरवर मान हलवत होत्या. उजवीकडून डावीकडे.

रात्री-अपरात्रीचं ऐका. माझी सून परदेशातल्या एका विमा कंपनीचं काम करते, इथेच लोअर परळला. माझे वडील ज्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभे असायचे त्याच आवारातल्या काचेच्या इमारतीत. तिची पाळी फिरती, एक आठवडा दुपारची, एक आठवडा रात्रीची. (पाळी हा शब्द घरात तीन पिढ्या टिकला.) दुकानं आणि आस्थापनांचा राज्याचा २०१७ चा कायदा सांगतो, की रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि तिच्या सुरक्षेची सोय मालकाने करायला हवी. त्याप्रमाणे तिला कंपनीची गाडी मिळते. गणपतीत गल्ली मंडपाने अडलेली, म्हणून गाडी पहाटे साडेतीनला तिला मंडपाशीच सोडते. राखणीला बसलेले कार्यकर्ते तेव्हा काय करत असतात ते ती मला सांगते, मी इथे लिहीत नाही. पत्त्यांना माझी हरकत नाही. मूर्तीकडे पाठ करून बसू नका, एवढंच.

बाईला मंडपात रात्र काढायला खरी अडचण आहे ती स्वच्छतागृहाची. मुंबईत ‘राइट टू पी’ ही मोहीम २०११ पासून बायकांच्या मुतारीसाठी पालिकेचे उंबरे झिजवते आहे. तुम्ही मात्र दहा दिवस रस्ता अडवून मंडप घालता, सेल्फीसाठी कमान उभारता, एलईडीचा पडदा लावता, आणि ढोलपथकातल्या मुली चार तास पाणी न पिता वाजवतात. विचारा त्यांना.

सोसायटीच्या समितीत दोन जागा कायद्याने बायकांसाठी राखीव आहेत, पालिकेत निम्म्या. मंडळाला अशी सक्ती नाही. म्हणून तुमच्या तेवीस जणांच्या कार्यकारिणीत एकच बाई आहे आणि तिचं पद ‘महिला विभागप्रमुख’. खाती तीन: रांगोळी, पाककृती, हळदीकुंकू. दहाव्या मजल्यावरची मुलगी सीए आहे, मोठाल्या कंपन्यांचे ताळेबंद तपासते. तिच्याकडे तीन वर्षं तुम्ही रांगोळ्यांचं परीक्षण दिलंत. सातव्या मजल्यावरचा मुलगा एकवीस कळ्यांचे उकडीचे मोदक वळतो; स्पर्धा ‘फक्त महिलांसाठी’ म्हणून त्याने बायकोच्या नावाने भाग घेतला आणि पहिलं बक्षीस तिने घेतलं. परीक्षक मी होते. मला ठाऊक होतं.

आता थोडं माझ्या घरचं, नाहीतर म्हणाल काकू सगळं आमच्यावरच ढकलतात.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये, लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची देशभर पाहणी केली. २०१९ ला घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. पाच वर्षांनी बायकांची २८९ आणि पुरुषांची ८८. आकडेमोडीत माझी हयात गेली म्हणून सांगते, बायकांची दहा मिनिटं वाचली ती पुरुषांनी उचललेली नाहीत, कारण त्यांची स्वतःचीही नऊ घटली. मग ती कुणी उचलली? काही मिक्सरने, काही पोळीभाजी केंद्राने, असं मला वाटतं. आणि आपल्या इमारतीपुरतं सांगायचं तर मानखुर्द-गोवंडीहून येणाऱ्या मावश्यांनी. मी ३७ वर्षं नोकरी केली ती आधी आईच्या आणि मग अशा मावश्यांच्या जिवावर. घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा राज्यात २००८ साली झाला. गणपतीत आमच्या मावशींना कुठल्या दिवशी सुट्टी द्यायची, हे मात्र मी आजवर ठरवलेलं नाही. हळदीकुंकवाला त्यांना बोलवावं हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. हे पत्र लिहिता लिहिता आलं. चारला त्या चौथ्या घरची भांडी घासत असतात.

गौरीपूजन गेल्या वर्षी सोमवारी आलं, १ सप्टेंबरला. मी सुनेला म्हटलं, वर्षातला एक दिवस तरी घरी राहा. रजा मंजूर झाली नाही, तिने घरून काम घेतलं. दुपारी ओट्यावर एका बाजूला लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला पुरण, तिच्या कानात हेडफोन. बोलायची वेळ आली की ती कोपराने बटण दाबायची, कारण बोटं कणकेची. पलीकडून कुणीतरी विचारलं, मागे शिट्टी कसली वाजते? ‘प्रेशर कुकर’ म्हणाली आणि पुढच्या वाक्यावर गेली. माझा मुलगा तेव्हा हॉलमध्ये गौरींचे फोटो काढत होता, चांगला तासभर. मी त्याला एकदाही आत हाक मारली नाही. चाळीस वर्षांची सवय आहे माझी. नैवेद्य झाल्यावर सून म्हणाली, ‘आई, पुढच्या वर्षी पुरणपोळ्या विकत आणूया आणि मला दोन तास तुमच्यासोबत गौरीपुढे नुसतं बसू द्या.’ मी त्या वेळी काहीच बोलले नाही. यंदा आणणार आहे.

तर हळदीकुंकू बंद करू नका. वेळ बदला. रविवारी सकाळी दहा की रात्री आरतीनंतर, हे तुम्ही ठरवायचं नाही आणि मीही नाही. लिफ्टमध्ये एक कोरा कागद लावा, दोरीला पेन बांधा, बायका आपापली वेळ लिहितील. मावश्याही याच लिफ्टने येतात-जातात, त्यांनाही लिहू द्या. जास्त मतं कुठे पडतात ते मी मोजून देईन. ‘सुवासिनी’ काढून ‘सर्व महिला’ छापा. मोदकांची स्पर्धा सर्वांना खुली करा, म्हणजे सातव्या मजल्यावरच्याला बक्षीस स्वतःच्या हाताने घेता येईल. ढोलपथकाच्या आधी फिरतं शौचालय ठरवा, त्याची दोन दरपत्रकं मी मागवून ठेवली आहेत. आणि खजिनदारपदासाठी दहाव्या मजल्यावरच्या मुलीचं नाव मी सुचवते. अनुमोदन आणलेलं आहे. आत्ताच्या खजिनदारांनी रागावू नये. जनरेटरचं मी चारचौघांत काढणार नाही.

बैठक येत्या रविवारी सकाळी अकराला आहे असं फलकावर वाचलं. मी येते. सुनेची त्या आठवड्यात रात्रपाळी आहे, ती झोपलेली असेल, तिचं म्हणणं लिहून आणते. आईची वहीही आणीन. १९८२ च्या मागच्या पानांवर मंडपातल्या हळदीकुंकवाला कोण कोण आलं होतं त्यांची नावं तिने लिहिली आहेत. संपाचं वर्ष, घरात दाणा नव्हता, तरी त्रेसष्ट आहेत.

आपली,
जुन्या चाळीतली दुसऱ्या माळ्यावरची, आता सतराव्या मजल्यावरची काकू

ता. क. वर्गणीची पावती यंदा सुनेच्या नावाने फाडा. गेली सहा वर्षं पैसे ती भरते आणि फलकावर नाव माझ्या मुलाचं लागतं.